अव्वल कारकुनांना पायी चालू द्या

“आकडा बदल,” अण्णासाहेब म्हणाले.

मी त्यांचं मनगट सोडलं आणि मान खाली घातली. केसपेपरवर नाडीचा आकडा लिहून झाला होता. अण्णासाहेब तालुका कचेरीत अव्वल कारकून, म्हणजे सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणारी, चौथी पास. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी मागं सरते. पण आकडा मी बदलला नाही.

अण्णासाहेबांची सगळी नोकरी खुर्चीत गेली होती. कचेरीत जायचं टांग्यानं, घरी यायचं टांग्यानं. अलीकडे कचेरीचा जिना चढताना त्यांना दम लागे, छाती दाबल्यासारखी होई. मामलेदारांनी सांगितलं, तब्येतीचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. डॉक्टरांनी नीट तपासलं.

“अजून वेळ गेलेली नाही,” ते म्हणाले. “हृदय म्हणजे मांसच, दंडासारखं. वापरलं नाही की ढिलं पडतं. महिनाभर रोज घरून इथपर्यंत चालत या. सुरुवातीला हळू. छातीत दुखलं तर तिथंच थांबा. सर्टिफिकेटाचं मग बघू.”

ते आले की पल्स घ्यायची, एवढंच माझं काम. पल्स म्हणजे मनगटावरची नाडी. घड्याळ समोर ठेवून मिनिटाचे ठोके मोजायचे. मैलभर चालून आलेल्या माणसाची नाडी चढलेली असते आणि तो बसला की हळूहळू उतरते. अण्णासाहेबांची चढतच नव्हती. आठ दिवस बघितलं. आल्या आल्या मोजली तरी अंथरुणातून उठल्यासारखी. वहाणांवर धूळही नाही.

“तुम्ही चालत आला नाहीत,” मी हळूच म्हणाले.

“चौथी शिकलेली बाई मला खोटं पाडते?”

आवाज ऐकून डॉक्टर पडद्यामागून आले. त्यांनी केसपेपर वाचला. “बाई, उद्यापासून तुम्ही यांच्या मागून चालत या,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन दहा पावलं मागून निघाले. महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हतं, रस्त्यावर सगळ्या बैलगाड्या. पहिल्याच वळणावर उंब्रजकडची एक गाडी थांबली.

“आवं अण्णासाब, पायी? बसा की वर!” गाडीवाला म्हणाला.

“नको रे, चालतो जरा.”

“का वं? आमच्या गाडीला काय काटं हायत? का आमचा कागुद अडवायचा हाय?”

अण्णासाहेब मुकाट्यानं वर बसले. मी उरलेला रस्ता एकटी चालले. दवाखान्यात ते माझी वाट बघत बसले होते.

“रोज हेच,” ते म्हणाले. “नाही म्हटलं की यांना वाटतं, साहेब रुसले, आता काम अडलं. मी तरी काय करू?”

तेव्हा मला कळलं. हा माणूस आळशी नव्हता. लोकांनी त्याचा मान ठेवता ठेवता त्याचे पाय काढून घेतले होते.

तिसऱ्या दिवशी तीच गाडी पुन्हा थांबली. अण्णासाहेबांनी चाकावर पाय ठेवला. मी पुढं झाले.

“गाडी म्होरं घ्या. ते चालणार हायत.”

“तू कोण गं?”

“दवाखान्यातली.”

“म्हंजी अण्णासाब आजारी हायत व्हय?”

अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. ही बातमी सर्टिफिकेटाआधी कचेरीत गेली असती तर खुर्ची गेलीच होती.

“न्हाईत,” मी म्हणाले. “पर रोज असं बसवून नेलंत तर पडतील. मग तुमचा कागुद करायचा कुणी?”

गाडीवाला हसला. “लय तिखट बाई हाय!” त्यानं बैल हाकले. अण्णासाहेबांनी पाय खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता तरातरा चालू लागले. “सावकाश,” मी मागून म्हणाले. तेवढं त्यांनी ऐकलं.

दवाखान्यात येताच ते डॉक्टरांना म्हणाले, “ही बाई भर रस्त्यात माझी शोभा करते. हिला कामावरून काढा.”

“बाई, काय म्हणणं आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“काढायचं तर काढा,” मी म्हणाले. “पण आकडा मी खोटा लिहिणार नाही. आणि कामावर आहे तोवर गाडीत बसू देणार नाही.”

“अण्णासाहेब, मनगट द्या,” डॉक्टर म्हणाले.

मी मोजलं. नाडी चढलेली होती. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, उतरली होती. दोन्ही आकडे लिहून मी कागद डॉक्टरांपुढे ठेवला.

“आज चालून आलात,” डॉक्टर म्हणाले. “बाई राहतील.”

महिना संपल्यावर अण्णासाहेब कचेरीचा जिना मध्ये न थांबता चढले. डॉक्टर खाली उभं राहून बघत होते. सर्टिफिकेट मिळालं, खुर्ची राहिली. माझ्याशी मात्र ते त्यानंतर एक अक्षर बोलले नाहीत. गाड्या अजून थांबतात. फरक इतकाच, की आता गाडीवाले खाली उतरतात आणि कासरा हातात धरून, अण्णासाहेबांच्या बरोबरीनं चालत, आपली कामं सांगतात.

साहेब माणसाला औषध देणं सोपं. त्याला गाडीत बसवणाऱ्यांना दूर करणं अवघड, आणि ते तोंड न उघडता होत नाही.