शनिवारचा उतारा

दर शनिवारी दुपारी चार वाजता नाना ऑफिसातल्या ईमेलच्या सह्या मोठ्यानं वाचायचे. जळगावातली आमची डाळमिल. नाना तिथले पत्रव्यवहाराचे जुने कारकून, मूळचे साक्रीकडचे. प्रत्येकाच्या ईमेलखाली आपोआप येणारी सही, दोन अक्षरं दाबली की उमटणारा ठरलेला मजकूर, कोणत्या व्यापाऱ्याला ‘राम राम’ आणि कोणाला ‘जय जिनेंद्र’, हे सगळं ते पेन ड्राइव्हवर उतरवून घेत. मग तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून अथपासून इतिपर्यंत वाचत. “वाची दखाबिगर त्याले उतारा म्हनानं नही,” असं त्यांचं म्हणणं. वाचून झालं की पेन ड्राइव्ह सुपारीच्या डब्यात आणि डबा खणात.

मी शिरपूरहून नवीन आलेली, तोंडानं फटकळ. “नाना, आरती झाली का? प्रसाद कधी?” असं विचारून सगळ्यांना हसवायची. नानाही हसत आणि पुढची सही वाचायला घेत.

आमचे मोठे शेठ, बाबूजी, दरवर्षी पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या व्यापाऱ्यांना क्षमा मागणारं पत्र पाठवत. त्या वर्षीचं त्यांनी उन्हाळ्यातच नानांना सांगून लिहवून ठेवलं होतं. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. ते पत्र म्हणजे त्यांचं शेवटचं बोलणं, आणि पाठवायचं काम माझं, म्हणून ते माझ्या कॉम्प्युटरवर ठरलेल्या मजकुरांत पडून होतं.

पर्युषणाच्याच आठवड्यात मी नवीन कॉम्प्युटर घेतला. जुने ईमेल दिसले, म्हणून “सगळं आलं” असं बेधडक सांगून जुना पुसायला दिला. पत्र पाठवायच्या दिवशी दुपारी दोन अक्षरं दाबली, तर दोन अक्षरंच उमटली. सह्या नाहीत, मजकूर नाही. चार वाजता, प्रतिक्रमणाच्या विधीला जाण्याआधी, बाबूजी पत्र ऐकायला येणार होते.

नाना नातवाच्या बारशाला साक्रीला गेलेले. मी फोन लावला आणि रडायलाच लागले. “नाना, सगळं गेलं! बठ्ठं गयं!”

“रडू नको वं माय. बठ्ठं शे. मना खनमा सुपारीना डबा शे, तो उघाड.”

पत्र होतं. शब्दन् शब्द होता. इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

चार वाजता मी बाबूजींसमोर वाचलं: “भाव करताना माझा आवाज चढतो. तो कोणी मनावर घेतला असेल, तर मला क्षमा करा.” बाबूजींनी डोळे मिटले. डावा हात उचलला जात नव्हता; उजवा एकटाच छातीशी नेऊन त्यांनी मान लववली. मग पत्र गेलं.

सोमवारी मी नानांपुढे हात जोडले. “नाना, तुम्हाला फार हसले. मिच्छामि दुक्कडम्.”

“ते ऱ्हाऊ दे,” नाना म्हणाले. “डबा परत खनमा ठेवेल शे ना?”

नाना आता निवृत्त होऊन साक्रीला असतात. शनिवारी चारला त्यांचा फोन येतो, “वाची दखं ना?” मी फोनवरच सगळ्या सह्या वाचते. शेवटची त्यांचीच असते.

“ती काढी टाक आते,” नाना दर वेळी म्हणतात.

मी “हो” म्हणते, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वाचते.