समोरच्या फ्लॅटमधला मुलगा

समोरच्या फ्लॅटमधून एका लहान मुलाचा आवाज येतो, पण त्या घरात मूलच नाही, हे कळायला मला बरेच आठवडे लागले. इथे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत लिफ्टची वाट बघत उभं राहिलं की समोरच्यांचं सगळं ऐकू येतं. मला वाटलं, जपानी जोडपं आहे, नातू आला असेल. शेवटी एकदा त्या बाईला दारातच गाठलं आणि विचारलं, नातवाला शाळा नाही का? ती जराशी वाकली, 'वन मोमेंट' म्हणाली, तिने घसा साफ केला, आणि साठीला टेकलेल्या त्या बाईच्या तोंडून तो मुलगा माझ्याशी बोलायला लागला. मी किंचाळलेच. माझ्यामागे माझी मुलगी उभी होती, तीही किंचाळली, पण वेगळ्या कारणाने, शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत. "आई, इट्स हिम! रिअली हिम, लाह!"

तो मुलगा जपानी कार्टून मालिकेतला होता आणि माझी लेक त्याच्यासोबत जेवतच लहानाची मोठी झाली होती. त्याचा आवाज ही बाई.

तिची कारकीर्द मला तुकड्यातुकड्याने कळली, तिच्या मोजक्या इंग्रजीतून आणि लेकीच्या इंटरनेटवर शिकलेल्या जपानीतून. विशीत ती एका लहानशा नाटक मंडळीत होती. तिथे तिकिटंही नटांनीच खपवायची असत. हे ऐकून मला फार बरं वाटलं, आमच्या मराठी मंडळात तरी वेगळं काय चालतं? उंची कमी म्हणून तिच्या वाट्याला म्हाताऱ्या आणि मुलगे यायचे. मग परदेशी सिनेमांना आवाज, भाताच्या कुकरची जाहिरात आणि अखेर हा मुलगा. नवऱ्याची शिपिंगमधली नोकरी हार्बरफ्रंटला आली तेव्हा ती इथे राहायला आली, पण मुलाला तिने सोडलं नाही. दर काही आठवड्यांनी टोकियोला जाऊन रेकॉर्डिंग करून यायची.

रेकॉर्डिंगला ती नेहमी सुती कपडे घालायची, कारण सिल्क सळसळतं. आधी केळं खायची, पोट गुरगुरू नये म्हणून. हातातला कागद आवाज न करता कसा उलटायचा, हे तिने मला कॉन्डोच्या नोटिशीवर करून दाखवलं. मी आमच्या मंडळाच्या नाटकांची कायमची प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटाच्या ओठांकडे बघायचं आणि गाडी अडायच्या आत वाक्य पुरवायचं, हे माझं काम. तिला सांगितलं तर ती हादरली. "नट पाठ करत नाहीत?" "करतात ना," मी म्हटलं, "प्रयोग संपेपर्यंत होतं पाठ." ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

त्या मालिकेचा प्रत्येक भाग एकाच वाक्यावर संपतो. मुलगा दप्तर अडकवतो, बूट चढवतो आणि दारातून ओरडतो, "इत्तेकिमास!" म्हणजे जाऊन येतो. जपानी माणूस घरातून निघताना हे म्हणतोच, आणि घरात जो मागे राहतो त्याने "इत्तेराश्शाई" म्हणायचं असतं, जाऊन ये. मालिकेत मात्र हे उत्तर नाही. ते टीव्हीसमोरच्या मुलांनी आपापल्या घरातून द्यायचं. आमच्याकडेही निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला एवढा आनंद झाला की पुढे दर वेळी विमानतळाकडे निघताना ती आमची बेल वाजवायची आणि मुलाच्या आवाजात ओरडायची. लेक आतून उत्तर द्यायची. ते मिळाल्याशिवाय बाई लिफ्टचं बटण दाबत नसे.

मग तिच्या स्वरतंतूवर गाठ निघाली. साधी आहे, काढून टाकू, असं डॉक्टर म्हणाले. काढली. त्यानंतर काही आठवडे पूर्ण मौन, कुजबुजायचंसुद्धा नाही. ती फोनवर टाइप करून दाखवायची आणि मी दोघींच्या वाटचं बोलायचे. ते मला जमतं.

तेव्हा माझी आई पुण्याहून आली होती. बाईचा नवरा कामासाठी बाहेरगावी होता, म्हणून आम्ही तिला जेवायला बोलावलं. आईने श्रीखंड-पुरी केली होती. पानात काही टाकायचं नाही हे जपानी वळण, आणि रिकामं पान दिसलं की वाढायचं हे आमचं. बाई संपवत होती, आई वाढत होती. बाईने पानावर हात आडवा धरला. आता आमच्याकडे त्या हाताला कोण विचारतं? तो सगळेच धरतात. "अगं, एवढंसं घे, काही होत नाही," म्हणत आईने तिच्या बोटांच्या फटीतून श्रीखंड सोडलं.

"पुरे!" बाई म्हणाली.

तो शब्द आम्हीच तिला शिकवला होता. आम्ही सगळे हसलो, आईने तर टाळ्या वाजवल्या. मग बाईचा हात गळ्याकडे गेला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आई वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की एका शब्दाने काही बिघडत नाही. बाईनेही आईला टाइप करून दाखवलं, मी वाचून दाखवलं, लेकीने समजावलं. आईला पटलं नाही. पुण्याला परत गेल्यावरही फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच. "आला का गं तिचा आवाज?"

आवाज आला, पण तो दुसराच होता. जाड, खरखरीत, न वंगणलेल्या दारासारखा. आत व्रण राहिला आहे, असं डॉक्टर म्हणाले. रोजच्या बोलण्यापुरता तो पुरेसा होता. मुलगा मात्र त्यात नव्हता. लिफ्टपाशी उभी असले की मला तिचा सराव ऐकू यायचा. मुलगा एखादा शब्द चढायचा आणि तिथेच मोडायचा. पुन्हा पहिल्यापासून. लिफ्ट येऊन निघून जायची आणि मी तिथेच उभी असायचे.

मला हतबल व्हायला येत नाही, मी चिडते. डॉक्टरांवर चिडले, श्रीखंडावर चिडले, आईवर फोनवर ओरडले आणि मग स्वतःच रडले. ज्येष्ठमध दिलं, खडीसाखर दिली, हळद घातलेलं दूध दिलं. बाईने वाकून सगळं घेतलं, सगळं संपवलं. विंगेतून मी आजवर कितीतरी नटांना वाक्यं पुरवली आहेत. आवाज कसा पुरवतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मालिकेवाले थांबले, बरंच थांबले, हे कबूल करायला हवं. मग त्यांनी नव्या मुलींचे आवाज पाठवले आणि तूच निवड म्हणाले. ही त्यांची आदर दाखवायची रीत. तिने आमच्याकडे येऊन माझ्या लेकीला डोळे मिटून ऐकायला लावलं आणि ज्या आवाजाला लेकीने पटकन डोळे उघडले, त्या मुलीचं नाव कळवलं. मला ते बघवेना, मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

नव्या आवाजाचा पहिला भाग तिने आमच्याच हॉलमध्ये बघितला, एका रविवारी सकाळी. नवरा सोबत होता, पण तो सारखा खिडकीबाहेर बघत होता. सुती ब्लाउज घालून ती सोफ्याच्या काठावर ताठ बसली. मुलगा बोलायला लागला. मी पडद्याकडे बघितलंच नाही, सवयीने तिच्या ओठांकडे बघत राहिले. ते हलत होते. आवाज नव्हता, पण प्रत्येक वाक्याला ते मुलाच्या किंचित पुढे असायचे. एवढ्या लांबून ती त्या पोरीला प्रॉम्प्ट करत होती.

"कॅन्ट टेल," लेक हळूच म्हणाली. "सेम, लाह, ऑन्टी." आणि मग तिचं तिलाच कळलं की आपण काय बोललो. बाईने तिचा हात थोपटला आणि मान हलवली. तिला हेच तर हवं होतं.

मुलाने दप्तर अडकवलं. बूट चढवले. बाईचे ओठ थांबले. एवढी वर्षं जे वाक्य तिचं होतं, ते तिने मिटल्या तोंडाने ऐकून घेतलं. "इत्तेकिमास!" मुलगा ओरडला आणि दारातून पळाला.

लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. मी तिला हातानेच थांबवलं.

"इत्तेराश्शाई," बाई म्हणाली, त्या खरखरीत आवाजात, पडद्यावरच्या उघड्या दाराकडे बघत.