एका बाहीचा स्वेटर

दादांचे रुमाल वहिनी वेगळे धुतात. बाकीच्या कपड्यांत मिसळले की डोळे चुरचुरतात म्हणतात. त्या रुमालांना कायम बामचा वास येतो. दादांना डोकेदुखीचा त्रास असावा, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. साहित्यात एम.ए. केलं आहे आणि सध्या काही करत नाही. वहिनी एका दुकानासाठी शाळेचे स्वेटर विणतात. दुपारी ऊन जिन्यात येतं, तेव्हा त्या मधल्या पायरीवर बसतात. आमची मैत्री तिथेच झाली. त्या विणायच्या आणि मी वाचलेलं सांगायचे.

"त्या बाईने एवढी पानं रडण्यात घालवली?" त्यांनी एकदा विचारलं. "तेवढ्यात माझे दोन स्वेटर झाले असते."

दादा मनोऱ्याचे गाइड आहेत. बसभर लोक घेऊन जाणारे नव्हेत. त्यांची खासगी सहल असते. एक पाहुणा किंवा एक कुटुंब, दादांची गाडी, एक दिवस. सकाळी हॉटेलवरून उचलायचं, मनोरा दाखवायचा, जेवू घालायचं, संध्याकाळी परत सोडायचं. त्यांच्या जाकिटाच्या कोपरांवर चामड्याची ठिगळं आहेत. जाकीट कधीच फाटलेलं नव्हतं, ठिगळं हौसेने लावून घेतली. प्राध्यापक वाटावं म्हणून. पाहुण्यांशी बोलताना त्यांचा आवाज इतका मऊ होतो की घरातला माणूस हाच, हे पटत नाही. घरात ते फक्त मीठ मागायला तोंड उघडतात.

मनोरा सगळ्यांना ठाऊक आहे. एका राजाने बायकोसाठी बांधला. ती सर्वांत वरच्या खिडकीत बसायची. ती गेल्यावर त्याने तेवढीच खिडकी विटांनी बुजवून टाकली. जगभरातून लोक येतात आणि त्या विटांकडे बघत उभे राहतात. शेजारच्या खिडकीतून नदी फार छान दिसते. तिकडे कोणी ढुंकून बघत नाही.

"घरात बसून पुस्तकं काय चावतेस?" दादा एक दिवस म्हणाले. "चल माझ्याबरोबर. धंदा बघ. परीक्षा देऊन टाक, लायसन्स मिळेल. तोंड चालतं तुझं."

वहिनींनी आम्हा दोघांचे डबे बांधून दिले. "गाडी लागली तर पुढे बस," त्या मला म्हणाल्या.

त्या दिवशीचा पाहुणा एकटाच होता. सत्तरीचा म्हातारा. हॉटेलच्या दारात कडक इस्त्रीच्या शर्टात उभा. हातात कापडी पिशवी. दादांनी ती डिकीत ठेवायला हात पुढे केला, तर त्याने ती छातीशी धरली.

"मॅडम नाही आल्या?" गाडी सुरू करत दादांनी विचारलं.

"ती गेली. मार्चमध्ये."

आरशात मला दादांचे डोळे दिसले. गिऱ्हाईक दारात आल्यावर दुकानदाराचे होतात, तसे झाले होते.

हे आजोबा वजनकाटे दुरुस्त करायचे. त्यांच्या बायकोने मनोऱ्याचं चित्र फ्रिजवर चिकटवून ठेवलं होतं. दर वर्षी जायचं ठरायचं, आणि दर वर्षी काटे तपासणीचा हंगाम आडवा यायचा. "चित्राचा रंग उडाला," ते म्हणाले, "तरी ती काही बोलली नाही." मग त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत लहान मुलाचा राखाडी स्वेटर होता. त्याला एकच बाही होती. लोकरीत सुया तशाच खोचलेल्या.

"आम्हाला मूलबाळ नाही. ती दर हिवाळ्यात एक विणायची आणि दवाखान्यातल्या कुठल्यातरी पोराला घालून यायची. हा राहिला. मनोऱ्याला जाताना गाडीत पुरा करीन म्हणाली होती. म्हटलं, आपणच नेऊन ठेवू, त्या खिडकीत."

वर पोचल्यावर पहारेकऱ्याने हात आडवा केला. काही ठेवायचं नाही. फूलसुद्धा नाही. आजोबा पिशवी धरून नुसतेच उभे राहिले. आता त्यांना दुसरं काही करायचं उरलं नव्हतं.

दादा विटांसमोर गेले. बोलता बोलता मध्येच थांबले. खिशातून रुमाल काढून डोळ्यांना लावला, चांगला दाबून. बामचा वास आला. रुमाल खाली आला तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि गालावरून पाणी ओघळत होतं.

"माफ करा, काका," ते म्हणाले. "इथे आलं की राहवत नाही. माझीही गेली. मुलगी झाली, त्याच दिवशी."

मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. मग त्यांनी पाकिटातून फोटो काढला. वहिनी होत्या. आमच्या जिन्यावर बसलेल्या, मांडीवर लोकर. तो फोटो मी मागच्या हिवाळ्यात काढला होता. मागच्या दोरीवर माझा पिवळ्या चौकड्यांचा शर्ट वाळत होता. तोच शर्ट आत्ता माझ्या अंगात होता. मी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

त्या बाईने बांधलेला डबा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत अजून कोमट होता.

आजोबांनी दादांचा हात हातात घेतला. "मला तिच्या चपला हलवता येत नाहीत," ते म्हणाले. "झाडताना उचलतो आणि परत तिथेच ठेवतो."

"माझ्याकडेही तशाच आहेत, काका. दारात."

त्या चपला घालून वहिनी सकाळी दूध आणायला गेल्या होत्या.

आजोबांनी पिशवीत हात घालून स्वेटर चाचपला. मग म्हणाले, "तुमच्या मुलीला हा दिला तर चालेल? मी माझ्या हाताने देतो."

दादा अडखळतील, काहीतरी कारण काढतील, असं मला वाटलं. "काका, घर वाटेवरच आहे," ते म्हणाले आणि फोन करायला बाजूला गेले. मी मागोमाग गेले.

"हो. एकटेच आहेत. जेवून निघतो," ते फोनवर सांगत होते.

"दादा, हे काय चाललंय?"

"हळू. कोणाचं काय बिघडलं? एकटा रडत होता, त्याला सोबत मिळाली. माणूस हलका झाला बघ."

"तुम्ही रडत नव्हता."

"त्याला कुठे माहीत आहे?"

त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. कारागिरी दाखवल्यावर माणूस बघतो, तसे ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, घरी गेल्यावर वहिनी यांना सोलून काढतील. मी वाटभर त्याचीच वाट बघत होते.

दारात वहिनींच्या चपला एकट्याच नीट मांडून ठेवल्या होत्या. बाकीच्यांच्या आत सरकवलेल्या. पुढच्या खोलीतल्या टेबलावर त्यांचा फोटो होता, मोठा केलेला, चौकटीत. चौकटीपुढे ग्लासात एक फूल. ती चौकट नवी नव्हती. तिच्या वरच्या कडेवर जुन्या धुळीची रेघ होती. ही चौकट कुठेतरी ठेवलेली असते आणि लागेल तेव्हा निघते.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. ॲप्रन बांधलेला, डोक्याला भुवयांपर्यंत फडकं. मला बघून त्यांनी नजर वळवली. त्यांना राग आलेला नव्हता. कपबश्या पुसायच्या राहिल्या होत्या, त्याची घाई होती.

"वहिनी, तुम्हाला माहीत आहे?"

"धंदा आहे गं, बक्षिसी यावरच मिळते. नाटकातल्या बायका रोज मरतात आणि घरी येऊन भांडी घासतात. मी मेले म्हणून काय खरंच मेले?"

"आणि घारू?"

घारू त्यांची मुलगी. आठ वर्षांची, घाऱ्या डोळ्यांची. "ती हुशार आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला ते कौतुक सहन झालं नाही.

बाहेर घारू आजोबांसमोर उभी होती. केस ओले करून विंचरलेले. तिने आधी खाली बघितलं. मग थोडी थांबली. ते थांबणं मी सकाळी विटांसमोर पाहिलं होतं.

"मला आई आठवत नाही," ती म्हणाली. "पण मी रोज तिला गुड नाइट म्हणते." आणि फोटोच्या काचेवरून तिने बोट फिरवलं.

आजोबा गुडघे धरत तिच्यापुढे खाली बसले. पिशवीतून स्वेटर काढला. "याची बाही राहिलीय, बाळा. शेजारच्या बायका पुरा करून देतो म्हणाल्या. मी दिला नाही. म्हटलं, ज्याचा आहे त्याच्या घरीच होऊ दे."

वहिनी चहा घेऊन आल्या. "आमच्या कामाच्या बाई," दादा म्हणाले. ट्रे ठेवताना त्यांची नजर सुयांवर गेली. हात पुसून त्यांनी स्वेटर घेतला, न विचारता. विणणारी बाई दुसरीचं विणकाम बघते, तशी त्यांनी बाहीवरून बोटं फिरवली.

"इथे टाके गळलेत," त्या म्हणाल्या. "तरी पुढे विणलंय."

"तिला दिसत नव्हतं शेवटी," आजोबा म्हणाले. "बोटांनी चाचपून विणायची. मला विचारायची, बरा होतोय ना? मी म्हणायचो, छान होतोय."

वहिनींची बोटं त्या भोकांपाशी थांबली.

"तुम्हाला विणता येतं वाटतं," आजोबा म्हणाले. "तुम्ही कराल पुरा? हिची आई असती तर तिलाच सांगितलं असतं."

वहिनींनी सुया सरळ केल्या. मग म्हणाल्या, "मी आहे हिची आई."

दादा लगेच हसले. "बघा काका, ही अशी. लहानपणापासून सांभाळलं ना, स्वतःला आईच समजते. माया असते."

"अहो, तुम्ही गप्प बसा." वहिनींनी डोक्याचं फडकं सोडलं. चौकट उचलून चेहऱ्याशेजारी धरली. "हा मागच्या हिवाळ्यातला फोटो आहे. मागे वाळतोय तो शर्ट हिचा."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी कोटाची बटणं काढली.

ते ओरडतील असं मला वाटलं. ते घारूकडे वळले. "तुला आई आहे?"

घारूने वडिलांकडे बघितलं. काय बोलायचं ते सांगा, असं तिचं बघणं होतं. याचं उत्तर तिला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी तिने मान डोलावली.

"बरं झालं," आजोबा म्हणाले. ते मनापासून म्हणाले. हे मला अजून झेपलेलं नाही.

त्यांनी वहिनींच्या हातातून स्वेटर घेतला, सुया सांभाळत घडी केली आणि पिशवीत ठेवला. चहाला हात लावला नाही. दारातून निघताना त्यांना वहिनींच्या चपला दिसल्या. ते वहिनींना म्हणाले, "आहात ना? मग राहा."

त्यांना हॉटेलवर सोडायला दादाच गेले. दुसरा कोण सोडणार? दोघं त्या गाडीत कसे बसले असतील, याचा मी विचार करते तेव्हा अंगावर काटा येतो. दादा परत आले ते बूट काढत म्हणाले, "तक्रार नाही केली. सज्जन माणूस." मग जेवायला बसले आणि मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी जिन्यावर मला म्हणाल्या, "सांगून टाकलंय त्यांना. आता मला मारायचं नाही. घारूलाही त्यात ओढायचं नाही." चौकट माळ्यावर गेली. दादांनी पाकिटातला फोटो टेबलावर आपटला. "मग खिडकीपाशी काय सांगू? विटा किती ते?" वहिनी म्हणाल्या, "सांगा. खोटं तरी नाही ते." मला त्यांचा अभिमान वाटला. मी त्यांना मिठी मारली, तर म्हणाल्या, "अगं, सुई लागेल."

काही दिवस रुमालांना साबणाचा वास येत होता.

थंडी वाढली. एका दुपारी मी जिना उतरत होते. दोरीवर रुमाल वेगळे वाळत होते. बाम. वहिनी मधल्या पायरीवर विणत होत्या. लोकर शाळेच्या रंगाची नव्हती. राखाडी होती. स्वेटर लहान मुलाचा, एक बाही होत आलेली.

"घारूला?" मी विचारलं.

"नाही."

मी बघत राहिले. त्यांनी सुईवरून काही टाके मुद्दाम गळू दिले. मग पुढे विणलं. ओळ संपल्यावर दोन्ही सुया लोकरीत खोचल्या आणि स्वेटर एका कापडी पिशवीत घातला.

"दुसरी बाही?"

"एवढाच हवाय त्यांना."

दादा जाकीट घालून बाहेर आले. पिशवी छातीशी धरून बघितली. पुन्हा जरा वर धरली. "आमच्याकडे एक काका आले होते," ते मऊ आवाजात म्हणाले. "माझ्या वडिलांसारखे. जाताना हा माझ्या हातात देऊन गेले."

"सांभाळून धरा," वहिनी म्हणाल्या. "टाके निसटतील."

ते गेले. मी वहिनींकडे बघत होते.

"अशी काय बघतेस? मी मरत नाही ना आता?" त्यांनी लोकरीचा गुंडा गुंडाळायला घेतला. "ऐक ना. एक फोटो काढतेस? नुसत्या हातांचा, विणताना. चेहरा नको. त्या काकांच्या बायकोचे वाटले पाहिजेत, जरा म्हातारे. पीठ चोळते हवं तर."

"नाही," मी म्हणाले.

"असू दे," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी खाली वाकून हाक मारली, "घारू, फोन घेऊन ये गं."