उजवा कौल

बाबांची बायपास झकास झाली, असं सर्जन स्वतः सांगून गेले. आम्ही नातेवाइकांना फोन करून मोकळे झालो, आणि दुसऱ्याच दिवशी बाबांच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला. लघवीची पिशवी कोरडी. कुणावर चिडायचं ते कळेना, म्हणून मी कँटीनवाल्यावर चिडले.

डायलिसिस सुरू झालं. मग एक डॉक्टरबाई आल्या. दुसऱ्या कुणाच्या तरी पेशी सलाइनसारख्या शिरेतून द्यायच्या, त्यांनी मूत्रपिंडं सावरतील अशी आशा आहे, पण हा प्रयोग आहे, म्हणाल्या. काही रुग्णांना पेशी, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. आम्हा डॉक्टरांनाही कळणार नाही.

माझं डोकंच फिरलं. माणूस मरणाच्या दारात आणि हे चिठ्ठ्या टाकणार? बाबा मात्र हसले. "अगो, ह्यो कौलच झालो!"

आमच्या मालवणकडच्या गावी देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली की होकार. कांदिवलीची खोली, माझं लग्न, सगळं बाबांनी असंच विचारून केलं. त्यांनी सही केली. शिरेतून द्यायची पिशवी लटकवली तेव्हा तिला काळं आवरण होतं, आतलं दिसू नये म्हणून. बाबांनी बसल्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरीच्या बापाक चलत घराक जावंदे." गाऱ्हाण्याला साथ द्यावीच लागते. आई आणि मी मास्कमधून म्हणालो, "व्हय म्हाराजा."

मग थोडी लघवी झाली. तेवढ्याशा पिवळ्या पाण्यासाठी आई आनंदाने रडली. पण पुढे ताप चढला, रक्तदाब उतरत गेला आणि बाबा गेले. माझं घरात लक्ष लागेना. अजूनही लागत नाही.

प्रयोग संपल्यावर डॉक्टरबाईंचा फोन आला. बाबांना काय मिळालं होतं ते हवं तर सांगते, म्हणाल्या. मला मिठाचं पाणीच ऐकायचं होतं. मग नशिबाला आणि कॉम्प्युटरला शिव्या घालत, पेशी मिळाल्या असत्या तर वाचले असते, असं म्हणत जगता आलं असतं.

पेशीच मिळाल्या होत्या.

आई ओट्याशी कोलंबी सोलत होती. फोन कुणाचा, हे तिने ओळखलं होतं.

"काय गो? उजवो?"

"उजवो."

तिचे हात थांबले. "मगे हे गेले कशे?"