विहिरीपासून मांडवापर्यंत

कामतघरच्या कमळकाकीची छातीच्या कॅन्सरची केमो संपली, केसही परत आले. तळपायांची जाणीव तेवढी आली नाही. चालताना पायातली चप्पल कधी निसटली, हे तिला कळत नसे. एकदा ती देवळातून एकाच चपलेने घरी आली आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसली. मग मोरीत जाऊन बराच वेळ बसली.

औषधाने नसा दुखावल्यात, बसून राहिलात तर पाय चालणं विसरतील, असं फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं. घरच्यांची माया मात्र उलटी. धाकटी जाऊ निशा पाण्याचा पेलाही तिच्या हातात आणून देई. काकीचे यजमान केसरीनाथकाका म्हणत, तू फक्त बसून ऱ्हा.

मितेशचं, म्हणजे तिच्या मुलाचं, लग्न ठरलं. हळदीच्या आंघोळीचं पाणी त्यांच्याकडे नवरदेवाची आई विहिरीवरून डोक्यावर आणते. या वेळी कलश निशाने घ्यावा, असं परस्पर ठरलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र घर रिकामं झालं की काकी ओट्याला धरून एका पायावर उभी राहू लागली, फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा जुळवत चालू लागली. खाली बघत चालणं हळूहळू जमलं. पण डोक्यावर कलश असला की खाली बघता येत नाही. म्हणून मग भरला तांब्या डोक्यावर घेऊन. कितीदा तरी लुगडं भिजलं. एकदा निशाने पाहिलं. ती रागवायलाच आली होती, पण फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. कलशाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

पाण्याला जायचं ते अनवाणी. काकीच्या पायात काच घुसली तरी तिला समजलं नसतं. ती बूट घालून निघाली तशी बायकांत कुजबुज झाली. लग्नाचे धवले गाणाऱ्या ठमाबाईने गाणं थांबवून सुनावलं.

"माझ्या कवळीला कुनी काय बोलत न्हाय, मग तिच्या बुटांना कशाला?"

येताना मांडवाच्या तोंडाशी काकी थांबली. नजर समोरच ठेवून हळूच म्हणाली, "निशा, माझे पाय कुठं हायत गं?"

"जमिनीवरच हायत, ताई. डावा जरा वर उचला, डीजेची वायर हाय."

निशा शेजारून वाकून चालत राहिली. डावा उचलला, मग उजवा. थोडं पाणी काकीच्या मानेवरून उतरलं. बाकीचं मितेशच्या डोक्यावर.