मावशींचा ओव्हन आणि माझ्या जाळ्या

मावशींच्या ओव्हनच्या जाळ्या मी मोटारसायकली धुण्याच्या सेंटरवर धुऊन आणल्या.

झालं असं, की एका रविवारी बायको माहेरी होती. मी शेजारच्या मावशींचा ओव्हन मागून आणला आणि लोणी चोपडून अख्खी कोंबडी भाजली. कोंबडी बरी झाली. जाळ्यांवर मात्र चिकट, काळा थर बसला. मावशींना संध्याकाळी नानकटाईची ऑर्डर होती. मी जाळ्या पिशवीत घातल्या आणि निघालो. सेंटरवाल्यानं डिझेलचा फवारा मारला, मग पाण्याचा जोर मारला, वर आपुलकीनं पॉलिशचा हात फिरवला. जाळ्या चांदीसारख्या लखलखल्या. छाती काढून मी त्या परत केल्या.

संध्याकाळी समोरच्या सुभेदारकाकांनी पहिली नानकटाई तोंडात घातली, थोडा वेळ डोळे मिटले आणि विचारलं, "मावशी, हिला किक कुठून मारायची?"

मावशींनी नानकटाई हुंगली. मग मला हुंगलं. "जाळ्या कुठं धुतल्या रं?" मी सांगितलं. आता लाटणं येणार म्हणून मी दाराकडे सरकलो, पण मावशी पदर तोंडाला लावून पायरीवरच बसल्या. हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. "मंग सर्व्हिशिंगबी करून आनायची की! ऑइल बदललं का न्हाई?" एवढं बोलून त्या उठल्या आणि त्यांनी अख्ख्या ऑर्डरीचं पीठ पुन्हा काढलं. ते मळायला अर्थात मला बसवलं.

नगरजवळ भिंगारच्या आमच्या क्वार्टर्समध्ये त्यांना कुणी नावानं ओळखत नव्हतं. त्या सगळ्यांच्याच मावशी. माहेर-सासर दोन्ही तिसगावचं, त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकरीत. बदली होऊन निघालेल्या एका मेजरसाहेबांच्या घरून त्यांनी तो ओव्हन घेतला, आणि कुणी शिकवलेलं नसताना नानकटाई, बिस्किटं, बाजरीच्या पिठाचा केक असं काय काय त्यातून काढलं. एरवी आपल्याकडे ओव्हन घरात येतो, दोनदा चालतो आणि मग त्यात कढया राहायला जातात. मावशींना या गोष्टीची भारी चीड. कुणाच्या ओव्हनमध्ये तवा दिसला की त्या तवा बाहेर काढूनच चहा घेत. "ज्यात भाजत न्हाई त्यो ओव्हन कसला? कपाट म्हना की!"

डिझेल प्रकरणानंतर त्यांनी मला शिष्य करून घेतलं. साफसफाईची बाटली विकत आणणं त्यांना मान्यच नव्हतं. मोठ्या टबात जुना टॉवेल अंथरायचा, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. त्यावर जाळ्या, वरून कढत पाणी, कपड्यांची पावडर आणि मूठभर सोडा. मग रात्रभर त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सकाळी नारळाच्या काथ्यानं हलकेच चोळलं की थर सायीसारखा निघून येतो. हट्टी डाग राहिलाच तर खायच्या सोड्याचा लेप आणि वर लिंबू. "डाग भांडून जात न्हाई बाबा. भिजू दे."

हे 'भिजू दे' त्या सगळीकडे वापरत. नळावरून दोन बायका जुंपल्या की त्या दोघींना आपल्या ओट्यावर बसवून चहा ठेवत आणि मुद्दाम मंद आचेवर ठेवत. चहा होईपर्यंत भांडणाचा रंग उतरलेला असे. काका चिडले की त्या गप्प बसत आणि माझ्या बायकोला खुणावत, "भिजत घातलाय."

मला मात्र भिजू देणं जमेना. एकदा मी शहाणपणानं जाळ्यांबरोबर ॲल्युमिनियमचा ट्रेही त्याच सोड्याच्या कढत पाण्यात सोडला. सकाळी ट्रे तव्याइतका काळा. मावशींनी तो उन्हात धरून उलटसुलट पाहिला. "लोक काळ्याचं गोरं करत्यात. तुझा उलटा कारखाना हाय." मग चिंचेच्या कोळानं घासघासून त्यांनी त्याला पुन्हा माणसात आणलं.

मग काका रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं, गावी जायचं ठरलं. मावशींना गावाचं दुःख नव्हतं, ओव्हनचं होतं. "तिकडं लाइट कवा येती, कवा जाती. थितं ह्याचं कपाटच व्हनार." घोडेगावच्या त्यांच्या जाऊबाई ओव्हन मागायला आल्या. त्यांनी दार उघडून आत हात घालून बघितला आणि खुशीत म्हणाल्या, "लई जागा हाय की! डबं मावत्याल." मावशींनी त्यांना पोटभर जेवू घातलं, साडी नेसवली आणि ओव्हन दिला नाही.

मी धीर करून म्हणालो, "मावशी, मला द्या." दुसऱ्या दिवशी महिनाभर न धुतलेल्या तेलकट जाळ्या त्यांनी माझ्या दारात आणून ठेवल्या. परीक्षाच होती. मी टब काढला, टॉवेल अंथरला, सोडा टाकला आणि रात्रभर त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. सकाळी काथ्यानं एकेक काडी चोळली, उन्हात वाळवली आणि नेऊन दिली. मावशींनी पदरानं पुसून पाहिलं. पदर पांढरा राहिला. त्यांचा चेहरा मात्र एकदम उतरला. ओव्हन आता खरंच जाणार, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं.

टेम्पोत सामान चढलं, तेव्हा ओव्हन आमच्या ओट्यावर होता. माझ्या बायकोच्या हातात हात घालून मावशी म्हणाल्या, "पोरी, ओव्हन तुला दिलाय." मग माझ्याकडे वळल्या. "जाळ्या तुला."

तेव्हापासून आमच्या घरात वाटणी तशीच आहे. बायको भाजते, मी भिजवतो. आता सुभेदारकाकांची नानकटाई आमच्याकडून जाते. तवे-कढया बाहेरच नांदतात.

गेल्या दिवाळीच्या आधी मावशी दवाखान्याच्या कामाला नगरला आल्या, तशा आमच्याकडे उतरल्या. पाणीसुद्धा न पिता त्या थेट ओव्हनपाशी गेल्या. तो गरम होता. आत नानकटाई फुलत होती. मावशी वाकून काचेतून नुसत्या बघत राहिल्या, डोळे पुसले, आणि शेजारी वाळत ठेवलेली दुसरी जाळी उचलून उजेडात धरली. मी कौतुकाची वाट बघत उभा.

त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "झ्याक घासतोय की गं! आता ह्याला कपबशी घासायला दिली तरी हरकत न्हाई. पर फुटकी दे."