ज्या चेहऱ्यापायी संतोष गेला

काल रात्रभर झोपले नाय.

ज्यानं माझ्या नवऱ्याला मारला तो जामिनावर सुटून समोरच्या पडवीत बसलाय. आणि माझा भाऊ कालपासून फोन उचलत नाय.

आज संतोषला जाऊन वर्ष झालं.

मी सातवी शिकलेली. मोबाईलमधे बोलते, तो लिवतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

हमरापूरच्या बाजूला आमचं घर. गणपतीचा कारखाना चुलत सासऱ्यांचा. संतोष आणि त्यांचा मुलगा नितीन एकाच शेडमधे वाढले. एका डब्यात जेवायचे. नितीनला मी भावजी बोलायची. आता जीभ वळत नाय.

पेणला फाउंडेशन आलं. कंपनीवाल्यांनी मिळून काढलेलं. आपल्या भागातल्या लोकांनी नवीन काहीतरी काढावं, बाहेरच्या मालापुढं टिकावं, हे त्यांचं काम. ट्रेनिंग द्यायचे, मशिनी वापरायला द्यायचे.

तिथल्या मॅडम बोलल्या, "पेणचं नाव सगळीकडे आहे, पण बाहेरचा माल स्वस्त येतोय. आपापलं लपवून ठेवाल तर सगळेच मागे पडाल."

संतोषला ते पटलं. लय पटलं.

त्यानं कागदाच्या लगद्याची मूर्ती केलेली. हलकी. कुरिअरनं परदेशात जाईल अशी.

मॅडमच्या समोर टेबलावरून सोडली खाली. मॅडमनी कान झाकले. मूर्तीला टवका पण गेला नाय.

"अहो, देवाला असं पाडतात?"

"डोळे आखले नाय मॅडम अजून. डोळे आखले की देव. तवर माल."

सगळे हसले. ट्रेनिंगमधे त्याचा पहिला नंबर आला. घरी येऊन आमच्या लेकीला, परीला, खांद्यावर घेऊन नाचला.

मग ती चूक केली.

आमच्याकडं प्रत्येक कारखान्याच्या गणपतीचा चेहरा वेगळा. गिऱ्हाईक चेहऱ्यावरून कारखाना ओळखतं. ज्या पहिल्या मूर्तीवरून साचे काढतात, ती कोण शेडबाहेर नेत नाय. पाव्हण्याला पण दाखवत नाय.

संतोष ती गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर घेऊन गेला. फाउंडेशनच्या स्कॅनिंग मशीनवर ठेवली.

मी बोललेली, "काकांना विचारलंस?"

"काय विचारायचं? माझ्या बापाच्या हातचा चेहरा हाय तो."

"कारखाना त्यांचा हाय."

"गप गो. मशीननं साचा एका दिवसात निघतो. काकाच पाठ थोपटतील बघ."

फॉर्मवर सही केली. स्कॅन केलेलं सगळ्या मेंबरांना वापरता येणार, असं त्यात होतं. मॅडमनी वाचून दाखवलेलं. त्यांना मी दोष देत नाय.

संतोषला वाटलं, अंग वापरतील, बैठक वापरतील. चेहरा कशाला घेतील? आपल्यात दुसऱ्याचा चेहरा कोण घेत नाय.

घेतला.

काकांचा जुना व्यापारी दुसऱ्या कारखान्यातली मूर्ती घेऊन आला. काकांच्या पुढ्यात ठेवली. बोलला, "तुमचा बाप्पा तिकडं पण बसलाय. तिकडं स्वस्त हाय."

काका खाली बसले ते उठले नाय.

नितीन उठला.

दुपारची वेळ. मी परीला कडेवर घेऊन शेडमधे जेवण घेऊन गेलेली.

मोठ्या मूर्तीत आतून घालतात ती लोखंडी सळई त्याच्या हातात होती. पहिल्यांदा कच्च्या मूर्ती फोडल्या. धाड धाड. सगळीकडं पांढरी धूळ.

संतोष मधे गेला. "नितीन, ऐक. मी सांगतो काकांना."

"बापाचं तोंड विकलंस तू."

पहिला घाव हातावर. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरा कानावर. संतोष गुडघ्यावर बसला तरी तो मारत होता. मी किंचाळत होते, परीचं तोंड माझ्या खांद्यात दाबलेलं. पांढऱ्या धुळीत रक्त पसरलं ते आधी रंगासारखंच वाटलं मला.

एका बाजूला डोळे आखलेल्या मूर्ती होत्या. त्यांना त्यानं धक्का लावला नाय. सळई उगारताना बाजूला सरकून उगारत होता, त्यांना लागू नये म्हणून.

माझ्या नवऱ्याचे डोळे उघडे होते. त्याच्याकडंच बघत होते.

दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

दादा रोह्यावरून आला. माझा सख्खा भाऊ, प्रवीण. केमिकल कंपनीत कंत्राटावर हाय. दवाखान्याच्या भिंतीवर बुक्क्या मारून हात फोडून घेतला. मला बोलला, "तो सुटला की त्याच दिवशी."

वर्षभर मी देवाजवळ मागत होते, सुटू देऊ नको. संतोषसाठी नाय. दादासाठी.

काल सुटला.

खोटं नाय बोलत, सकाळी तो समोर चहा पिताना दिसला तेव्हा माझ्या हातात विळी होती. मी पण दोन पावलं गेलेली. परीनं गाऊन धरला म्हणून थांबले.

दादाला धरायला कोण हाय?

वहिनी बोलते, काल शिफ्टला जातो सांगून निघाला. कंपनीत पोचला नाय. आज सकाळी एकानं त्याला पेणच्या एसटी स्टँडवर बघितला. पिशवी होती बोलला. पिशवीत काय ते मी विचारलं नाय.

पोलिसांना फोन केला. येतो बोलले.

दादा, संतोष गेला, तू जेलात गेलास तर मला आणि परीला कोण रे?

संतोष, तू चांगला होतास. सगळ्यांचं भलं बघायला गेलास. तुझं पान वाढलंय. सुखात राहा तिकडं. दादाला नको बोलावू.

हे वाचतोय त्यानं प्रवीणला फोन लावा. रोह्याचे, कंपनीतले, क्रिकेटच्या टीममधले, सगळ्यांकडं नंबर हाय त्याचा. माझा उचलत नाय, तुमचा उचलेल.

समजावायला जाऊ नका, कट करेल. काय पण बोला. मॅचचं बोला, पगाराचं बोला. फक्त त्याला फोन ठेवू देऊ नका.